‘घाबरू नकोस’ म्हणू नका, ‘कुठे बसशील?’ असे विचारा

रविवारी विहारातून बाहेर पडताना एका ताईंनी आम्हाला बाजूला घेतले आणि हळूच विचारले, “झोपेची गोळी रोज घेतली तर चालते का हो?” ताई अंगणवाडीत मदतनीस आहेत. त्यांचा सगळा संसार मुंबईतल्या नाल्याकाठच्या वस्तीत झाला. रक्तदाब नाही, साखर नाही, घरात भांडण नाही. मग झोप कशाने गेली? थोडे बोलल्यावर कारण कळले. त्यांची मुलगी ऑगस्टमध्ये शिकायला अमेरिकेत गेली, ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन शहरात. तिथे टोर्नेडो येतात. शेजारच्या मुलाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला आणि त्या रात्रीपासून ताईंचा डोळ्याला डोळा लागलेला नाही.

मुलीची गोष्टही तशीच. तिथे पोहोचून आठवडा झाला नव्हता. शनिवारी दुपारी बाराच्या ठोक्याला बाहेर भोंगा वाजायला लागला. गिरण्यांचा भोंगा ज्यांनी ऐकला आहे त्यांना कल्पना येईल, तसाच लांब आणि अंगावर येणारा. खोलीत ती एकटीच होती. पासपोर्ट आणि विद्यापीठाचे कागद छातीशी धरून ती बाथरूममध्ये जाऊन बसली आणि आईला फोन लावला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. ताईंनी तो भोंगा फोनमधून ऐकला. थोड्या वेळाने तो थांबला. मैत्रिणी परतल्या तेव्हा कळले की त्या भागात दर शनिवारी दुपारी बाराला भोंग्याची चाचणी घेतात. मैत्रिणी हसल्या, मुलगीही हसली. पण त्या रात्री ती झोपली नाही आणि इकडे तिची आईही झोपली नाही.

कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या वादळाचे आपल्या आरोग्य पानावर काय काम? आमचे म्हणणे असे की हा विषय याच पानाचा आहे. आज आपल्या वस्त्यांतली मुले परदेशी शिष्यवृत्ती मिळवून, शैक्षणिक कर्ज काढून किंवा नोकरीच्या निमित्ताने टेक्सास, इलिनॉय, इंडियाना, मिसुरी, टेनेसी अशा राज्यांत जात आहेत. या सगळ्या राज्यांत टोर्नेडो येतात. मुलांची बॅग भरताना आपण लोणचे देतो, गरम कपडे देतो, प्रेशर कुकर देतो. त्या मुलखातल्या संकटाबद्दल मात्र कुणी चार शब्द सांगत नाही. भीती मग रिकाम्या जागी शिरते आणि दोन्ही घरांची झोप नेते.

वावटळ नव्हे, चक्रीवादळही नव्हे

आधी टोर्नेडो म्हणजे काय ते समजून घेऊ. नाव कळले आणि रूप कळले नाही की भीती वाढते.

आपल्याकडे उन्हाळ्यात तापलेल्या माळावर धूळ आणि पाचोळा गोल फिरवत नेणारी वावटळ उठते. गावाकडे लहानपणी तिच्यात भूत असते असे ऐकवले जायचे. तिच्यात भूत नसते, तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी हवा असते. वावटळ निरभ्र आकाशाखाली जमिनीवरून वर उठते. टोर्नेडो गडगडाटी ढगाला जोडलेला असतो. चक्रीवादळ याहून वेगळे. ते समुद्रावर तयार होते, शेकडो किलोमीटर पसरलेले असते आणि काही दिवस आधी कळते. 2020 मध्ये 3 जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आलेले निसर्ग हे असे चक्रीवादळ होते. टोर्नेडोचा पट्टा त्या मानाने अगदी अरुंद असतो. बहुतेक टोर्नेडो दहा मिनिटांच्या आत विरून जातात. पण जेवढ्या पट्ट्यातून जातात तेवढ्यात वाऱ्याचा जोर भयंकर असू शकतो.

अमेरिकेच्या मध्यभागी मोठी सपाट मैदाने आहेत. दक्षिणेकडच्या आखातावरून तिथे दमट, उष्ण हवा येते. पश्चिमेच्या डोंगराळ, कोरड्या मुलखाकडून कोरडी हवा येते. वरच्या थरात थंड आणि वेगवान वारे असतात. उंचीप्रमाणे वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत गेला की ढगातली हवा गरगर फिरू लागते. अशा फिरत्या ढगांपैकी काहींतूनच टोर्नेडो खाली उतरतो, सगळ्यांतून नाही. दक्षिणेकडच्या मैदानांत त्याचा मुख्य हंगाम एप्रिल ते जून आणि जास्त जोर दुपार उलटल्यावर ते रात्री नऊपर्यंत. टेनेसी, अलाबामा या बाजूला तो हिवाळ्यात आणि रात्रीही येतो.

टोर्नेडोची ताकद शून्य ते पाच अशा सहा पायऱ्यांत मोजतात. मूळ मोजपट्टी 1971 मध्ये टेड फुजिता या जपानमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाने दिली आणि 2007 पासून तिची सुधारलेली आवृत्ती वापरात आहे. सर्वांत खालच्या पायरीवर वारा ताशी 105 ते 137 किलोमीटर असतो, म्हणजे पत्रे उडतात, फांद्या मोडतात. पाचव्या पायरीवर तो ताशी 322 किलोमीटरच्या वर जातो आणि पक्की घरेही उखडतात. मोबाइलवर फिरतात ते व्हिडिओ बहुधा वरच्या पायऱ्यांचे. प्रत्यक्षात येणाऱ्या टोर्नेडोंपैकी बहुतेक खालच्या दोन पायऱ्यांतले असतात आणि अतितीव्र फार थोडे.

धोका खरा आहे, पण केवढा?

अमेरिकेत वर्षाला सरासरी बाराशेच्या आसपास टोर्नेडो नोंदले जातात. ओक्लाहोमाचा वाटा सरासरी पन्नासहून अधिक. आकडा ऐकून ताईंचा चेहरा उतरला. तेव्हा आम्ही त्यांना दुसरी बाजू सांगितली. ओक्लाहोमा राज्य आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे मोठे आहे. एवढ्या मुलखात पन्नास अरुंद पट्टे, तेही बहुतेक काही मिनिटांचे. त्यातला एखादा नेमका आपल्या मुलीच्या घरावरून जाण्याची शक्यता एका वर्षात फार कमी असते. सबंध अमेरिकेत टोर्नेडोने मरणाऱ्यांची संख्या बहुतेक वर्षी शंभराच्या आत राहते. त्यापुढे आपल्याकडचा आकडा ठेवून बघा. भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात. त्यांत विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतांवर राबणारी आपली माणसेही असतात. म्हणून आपण गावी जायचे सोडत नाही.

पण म्हणून ‘काही होत नाही’ असेही आम्ही सांगणार नाही. 2011 हे वर्ष फार वाईट गेले. त्या एका वर्षात अमेरिकेत साडेपाचशेहून अधिक माणसे टोर्नेडोने मेली. मिसुरीतल्या जॉप्लिन शहरात 22 मे रोजी एकाच टोर्नेडोने दीडशेहून अधिक बळी घेतले. 2013 मध्ये 20 मे रोजी नॉर्मनच्या शेजारच्या मूर शहरात 24 माणसे गेली. त्यांत एका प्राथमिक शाळेतली सात मुले होती. त्या शाळेत सुरक्षित खोली नव्हती. नंतर नवी शाळा बांधली तेव्हा ती खोली बांधली आणि शहराने घरबांधणीचे नियमही कडक केले. टोर्नेडोने सर्वांत जास्त माणसे मेली ती आपल्याच उपखंडात. 1989 च्या एप्रिलमध्ये बांगलादेशात माणिकगंज भागात एका टोर्नेडोत सुमारे 1300 माणसे मेली असे मानतात. घरे कच्ची होती आणि वेळेवर इशारा देणारी यंत्रणा नव्हती. वारा सारखाच असला तरी माणूस वाचतो की नाही हे घर, इशारा आणि आधी केलेली तयारी यांवर बरेच अवलंबून असते.

त्यामुळे त्या मुलीची भीती खुळी नाही. तिला हसण्यासारखे काही नाही. प्रश्न आहे तो भीतीचे करायचे काय.

भीतीच्या भरात काय होते

मूरच्या त्या घटनेनंतर अकराच दिवसांनी, 31 मे 2013 ला, ओक्लाहोमातल्या एल रेनो गावाजवळ चार किलोमीटरहून अधिक रुंदीचा टोर्नेडो उतरला. लोकांच्या डोळ्यांसमोर मूरची पडलेली घरे ताजी होती. अनेकांनी घरात थांबण्याऐवजी गाड्या काढल्या आणि पळ धरला. महामार्ग तुंबले. त्या टोर्नेडोने आठ माणसे मारली, ती वाहनांतली होती. त्याच रात्री मुसळधार पावसाने पूर आला आणि त्यातही माणसे गेली. वाऱ्यापासून वाचायला पावसाळी गटारात जाऊन लपलेले लोकही त्या पुरात वाहून गेले. 2005 मध्ये 26 जुलैचा पाऊस पाहिलेल्या आपल्या माणसांना हे वाचून काटा येईल.

दुसरे उदाहरण व्हिडिओचे. 1991 मध्ये कॅन्ससमध्ये काही माणसे महामार्गाच्या पुलाखाली आडोशाला बसली आणि वाचली. त्याचे चित्रीकरण जगभर दाखवले गेले. लोकांनी ठरवून टाकले की पुलाखाली जीव वाचतो. खरे तर पुलाखाली वारा अधिक जोरात घुसतो आणि उडून येणाऱ्या वस्तूंचा मारा बसतो. 1999 मध्ये 3 मे च्या टोर्नेडोत पुलांखाली थांबलेली माणसे मेली. ‘खिडक्या उघडल्या तर घर वाचते’, ‘नदी ओलांडून टोर्नेडो येत नाही’ असे समज तिकडेही आहेत. अंधश्रद्धा काही फक्त आपल्याकडेच पिकत नाही. म्हणून इथून कुणी ताईत पाठवू नये आणि तिथे कुणी ऐकीव उपायावर जीव टाकू नये.

आणखी एक गोष्ट मुलग्यांच्या बाबतीत दिसते. तिथले काही जुने रहिवासी ढग फिरायला लागले की अंगणात उभे राहून मोबाइलने चित्रण करतात. नवा गेलेला मुलगा भित्रा दिसू नये म्हणून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहतो. भीती वाटते हे तो घरी सांगत नाही, मित्रांनाही सांगत नाही. आम्हाला बाथरूममध्ये जाऊन बसणाऱ्या त्या मुलीपेक्षा या मुलाची काळजी जास्त वाटते.

वस्तीला हे शिकवावे लागत नाही

ताईंना आम्ही विचारले, “26 जुलैला तुम्ही काय केलंत?”

त्या पटकन म्हणाल्या, “काय करणार? पाणी उंबऱ्याला लागलं तसं पोरीला वरच्या खोलीवाल्या काकूंकडे दिलं. कागदपत्रं पिशवीत घालून पोटमाळ्यावर टाकली. मीटर बंद केलं. सासूबाईंना दोघांनी धरून वर नेलं.”

“आणि त्यानंतरच्या पावसाळ्यांत?”

“आता मे संपला की पिशवी भरूनच ठेवते. कुणी कुणाला उचलायचं तेही ठरलेलं असतं.”

“भीती वाटत नाही?”

“वाटते ना. पण काय करायचं ते माहीत आहे.”

जे आपण वर्षानुवर्षे पाण्याशी करत आलो, तेच टोर्नेडोशी करायचे असते. भीती जात नाही, तिला काम मिळते. जागा, पिशवी, माणसे आणि इशारा या चार गोष्टी ठरल्या की रात्री अंथरुणावर पडल्यावर मनाला तोच तो प्रश्न उगाळावा लागत नाही.

जागा म्हणजे तळघर किंवा टोर्नेडोसाठी बांधलेली सुरक्षित खोली. ओक्लाहोमात बऱ्याच घरांना तळघर नसते. मग सर्वांत खालच्या मजल्यावरची, बिनखिडकीची, घराच्या मधली छोटी खोली निवडायची. बाथरूम, कपाटाची खोली किंवा आतला बोळ चालतो. खाली वाकून बसायचे, डोके आणि मान हातांनी किंवा गादीने झाकायची, हेल्मेट असेल तर घालायचे. पायांत बूट हवेत, कारण वादळानंतर जमिनीवर काचा आणि खिळे असतात. मुलगी वरच्या मजल्यावर राहत असेल तर तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवायचे, जसे ताईंनी वरच्या काकूंशी ठेवले होते.

इशाऱ्याचे दोन शब्द मुलांनी आणि घरच्यांनीही पाठ करावेत. ‘टोर्नेडो वॉच’ म्हणजे हवा तशी तयार होत आहे, लक्ष ठेवा, मोबाइल चार्ज करा. हा इशारा मोठ्या भागाला काही तासांसाठी असतो. ‘टोर्नेडो वॉर्निंग’ म्हणजे टोर्नेडो दिसला आहे किंवा रडारवर त्याची खूण दिसली आहे, आत्ताच जागेवर जा. त्यानंतर हाताशी बहुधा काही मिनिटेच असतात. देशभरचे वॉच ज्या केंद्रातून निघतात ते केंद्र नॉर्मनमध्येच आहे. हे ऐकून ताईंना जरा बरे वाटले. भोंगा मुख्यतः घराबाहेर असलेल्यांसाठी असतो. घरात झोपलेल्याला तो ऐकू येईलच असे नाही. म्हणून मोबाइलवरचे आपत्कालीन इशारे कधी बंद करू नयेत. बॅटरीवर चालणारा हवामानाचा रेडिओ मिळतो, तो घरात असावा.

भाडे वाचवताना

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण ती पैशाची आहे. आपली मुले कर्जावर किंवा मोजक्या शिष्यवृत्तीवर जातात. ती सर्वांत स्वस्त जागा शोधतात. तिकडे स्वस्तात मिळणाऱ्या जागांपैकी एक असते मोबाइल होम. कारखान्यात बनवून ट्रकवरून आणून ठेवलेले घर. दिसायला नीटनेटके, पण जोराच्या वाऱ्यात पत्र्याच्या घराइतकेच बिनभरवशाचे. एकूण लोकसंख्येत अशा घरांत राहणारे थोडे, पण टोर्नेडोच्या बळींत त्यांचा वाटा मोठा असतो. वॉर्निंग आल्यावर अशा घरात थांबायचेच नसते, आधीच पक्क्या इमारतीत जायचे असते.

मुलगा किंवा मुलगी भाडेकरारावर सही करण्याआधी घरच्यांनी सांगावे की मालकाला विचार, वादळात आसरा कुठे? पक्की जागा नसेल तर थोडे जास्त भाडे देऊन दुसरी बघ. मुले स्वतःहून हे करत नाहीत. त्यांना वाटते, आई-बापाने दागिने मोडले, आता आपण चैन कशी करायची? तळमजल्यावरची पक्की खोली ही चैन नव्हे, औषधपाण्यासारखाच तो खर्च आहे. हे त्यांना आपण सांगितले तरच पटते.

मन सावरत नसेल तर

नव्या मुलखात पहिल्या हंगामात छाती धडधडणे, ढग आले की पोटात गोळा येणे, एखाद-दोन रात्री झोप न लागणे हे स्वाभाविक आहे. आपल्याकडेही दुष्काळी भागातून लग्न होऊन मुंबईत आलेली सून पहिल्या मुसळधार पावसाला अशीच घाबरते. एक-दोन पावसाळे गेले की सरावते.

पण काही खुणांकडे दुर्लक्ष करू नये. आकाश स्वच्छ असतानाही दर दहा मिनिटांनी मोबाइलवर रडार बघणे, ढग दिसले की वर्गाला किंवा कामाला न जाणे, आठवडे उलटले तरी झोप आणि जेवण नीट न होणे, अचानक श्वास कोंडून हातपाय थंड पडणे. असे असेल तर मदत घ्यावी. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत समुपदेशन केंद्र असते. विद्यार्थ्यांना तिथे बहुधा मोफत किंवा कमी खर्चात जाता येते. अशा भीतीवर बोलण्याची उपचारपद्धती चांगली चालते. त्यात विचार तपासायला आणि भीतीच्या गोष्टीला थोडे थोडे सामोरे जायला शिकवतात. अगदी असह्य झाले तर तिथे 988 हा क्रमांक आहे. इथे घरच्यांना त्रास होत असेल तर 14416 या टेलिमानस सेवेवर मराठीत मोफत बोलता येते. समुपदेशकाकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे, हे वाक्य आपल्या घरांत अजून पुष्कळदा बोलावे लागणार आहे.

तोवर घरी करण्यासारखे साधे उपाय आहेत. हवामान दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी बघावे, रात्री वादळाचे व्हिडिओ बघू नयेत. छाती भरून आली तर श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. लहान मुले सोबत असतील तर जागेवर जाऊन बसण्याचा सराव त्यांच्याकडून आधी करून घ्यावा. तिथल्या शाळांतही तो घेतात. मुलांना प्रश्न विचारू द्यावेत आणि खरी उत्तरे द्यावीत.

ताईंच्या गोळीचे उत्तरही देऊन टाकू. झोपेची गोळी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नये. शेजारणीच्या पाकिटातली तर नाहीच नाही.

फोनवर काय बोलावे

आमचे मुख्य म्हणणे इथे आहे. मुलगी फोनवर भीती वाटते म्हणाली की आपल्या तोंडून तीनपैकी एक वाक्य निघते. ‘घाबरू नकोस’, ‘परत ये’, नाहीतर ‘तू एवढे पूर बघितलेस आणि वाऱ्याला काय घाबरतेस?’ पहिल्याने तिचे तोंड बंद होते. दुसऱ्याने तिच्या डोक्यावर अपराधाचे ओझे चढते. तिसऱ्याने तिला लाज वाटते. तिन्हींनी ती पुढच्या वेळी सांगायचे थांबते. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण ऐकणारीच्या हाती काही पडत नाही.

त्याऐवजी हे पाच प्रश्न विचारावेत.

1. वॉर्निंग आली तर तू कुठे बसशील? व्हिडिओ कॉलवर ती जागा मला दाखव.
2. पिशवीत काय ठेवले आहेस? पासपोर्ट, औषधे, बूट, टॉर्च, पॉवर बँक, पाणी.
3. तुझ्यासोबत कोण असेल? त्याचा किंवा तिचा नंबर मला दे.
4. तुझ्या काउंटीचे नाव काय? काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. तिथे इशारे काउंटीच्या नावाने सांगितले जातात. ते नाव माहीत असेल तर ‘ओक्लाहोमात टोर्नेडो’ एवढीच बातमी ऐकून इथे घर डोक्यावर घ्यावे लागत नाही.
5. जागेवर गेल्यावर आणि बाहेर आल्यावर मला कोणता निरोप पाठवशील?

पाचव्या प्रश्नासोबत घरच्यांनी एक वचन द्यायचे. वॉर्निंग चालू असताना आपण फोन लावायचा नाही. तिला त्या वेळी हात मोकळे हवेत, मोबाइलची बॅटरी हवी आणि इशारा ऐकू यायला हवा.

ताईंनी हे सगळे एका वहीत लिहून घेतले. क्लीव्हलँड काउंटी हे नाव त्यांनी देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवरच्या कॅलेंडरला चिकटवले. मुलीने खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलींशी बोलून त्यांच्याकडची आतली खोली ठरवली.

मे महिन्यात एका संध्याकाळी तिच्या काउंटीला वॉर्निंग आली. तिथे सात वाजायला आले होते, इथे पहाटेचे सव्वापाच. ताई नळावर पाणी भरत होत्या. मोबाइलवर दोनच शब्द आले, ‘जागेवर आहे’. ताई सांगत होत्या, “हात कापत होता, पण हंडा भरला. फोन लावला नाही.” पाऊण तासाने दुसरा निरोप आला, ‘बाहेर आले’. टोर्नेडो त्यांच्या भागात उतरलाच नव्हता. गारा पडल्या, झाडे मोडली, वीज गेली. त्या दिवशी ताई नेहमीच्या वेळी अंगणवाडीत गेल्या.

भीती गेली का, असे आम्ही नंतर विचारले. नाही म्हणाल्या. मुलगीही ढग बघून अजून दचकते. पण दोघी आता झोपतात. ज्यांची मुले यंदा अशा मुलखात निघाली आहेत त्यांनी वरचे पाच प्रश्न कापून ठेवावेत आणि विमानतळावर निरोप देण्याआधी एकदा मुलांसोबत बसून वाचावेत. पोहोचल्यावर पहिल्या फोनमध्ये जेवलीस का, एवढे विचारून झाले की लगेच विचारावे, भोंग्याची चाचणी तुमच्याकडे कोणत्या वारी असते?